बर्फातली मूठ

आखातातल्या शुऐबा गावच्या गॅरेजात लवू गाड्यांची वायरिंग बघायचा. त्या दिवशी संध्याकाळच्या विमानाने तो सुटीवर निघायचा होता. किती उन्हाळ्यांनी सुटी मिळाली होती, ते तोही विसरला होता. कुडाळात बायको कमल विसरली नव्हती. दुपारी फोरमन यूसुफने कंपनीची मिनीबस पुढ्यात आणून लावली.

"यही तुझे एअरपोर्ट छोडेगी. नहीं बनी, तो छुट्टी खलास!"

रोग विचित्र. गाडी सुरू होण्याआधीच, थंडगार गिअरबॉक्स तापल्याचा लाल दिवा लागे. लवू कण्हत गाडीखाली शिरला. बाहेर धुळीने भरदुपारी काळोख केला होता. आत जळक्या तेलाचा वास. त्याने तापमानाचा सेन्सर काढला, मीटर जोडलं आणि सेन्सर बर्फाच्या पाण्यात सोडला. या सेन्सरचा हिशेब उलटा: गारव्यात आकडा चढतो, उबेत उतरतो.

बर्फातही आकडा उतरू लागला. सावकाश. आणि एका जागी थांबला.

"मीटर म्हातारो झालो तुझो," खोलीवरचा सोबती बाळा हसला. त्याने आपलं मीटर लावलं. आकडा तोच.

 तो आकडा लवूच्या ओळखीचा होता. कुठलाही सेन्सर बसवण्याआधी तो मुठीत धरून बघायची त्याची सवय. माणसाच्या मुठीत आकडा बरोबर इथेच थांबतो. आता गेली कित्येक वर्षं मुठीतून फुकट ऊब वाटत बसल्यावर, कुणालातरी चटक लागली तर दोष कुणाचा?

"बाळा... बर्फात सेन्सर कोणी मुठीत धरल्यान?"

बाळा हसायचा थांबला.

लवूने घाईने नव्या सेन्सरचं पाकीट फोडलं. मीटरला जोडून तो सवयीने मुठीत धरला. आकडा ढिम्म हलेना. बाळाने आपल्या मुठीत घेतला, तर भराभर उतरला.

"हात बघू तुझो..." बाळाने बोटं लावली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. "लवूदा, मड्यासारखो गार रे..."

"गप. यूसुफाक काय सांगू नको. माका घराक जाऊचा आसा."

नवा सेन्सर बसला, दिवा विझला, यूसुफने मान डोलावली. जुना सेन्सर लवूने कचऱ्याच्या ड्रममध्ये भिरकावला. गॅरेजापासून एअरपोर्टपर्यंत मिनीबस मुकाट धावली. मागच्या जोडसीटवर खिडकीशी लवू एकटा, पुढे गाडी चालवणारा बाळा. तिसरं कुणी नाही. दमलेल्या लवूला मध्येच डुलकीही लागली.

उतरताना लवू उठला आणि बाळा बॅग घ्यायला आत आला. लवूच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर त्याने हात टेकला आणि तसाच वाकून राहिला.

"हय... कोण बसलेलो?"

"कोण नाय. कित्या?"

 बाळाने हळूच दुसरा हात लवूच्या जागेवर ठेवला. शेजारची सीट नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी उबदार होती. लवूच्या जागेवर दव जमलं होतं.