खिंडीपलीकडच्या गुंड्या

ही गोष्ट १९६८ सालच्या उन्हाळी सुट्टीतली. भिंगरी तेव्हा बारा वर्षांची होती, आणि तिला एका जागी बसवणं तिच्या आईला अजून जमलं नव्हतं.

"पुन्हा हरलो!" तिने फासे टेबलावर आपटले. "मामा, ही लढाई खेळायचीच कशाला?"

मामा संग्रहालयात कामाला होता. मागच्या दालनात, टेबलटेनिसच्या जुन्या टेबलावर, त्याने वर्षभर खपून एक खिंड उभी केली होती. प्लास्टरचे डोंगर, लाकडाच्या भुशाचं गवत, शिशाचे शिपाई. याच खिंडीत तीनशे वर्षांपूर्वी मूठभर गावकऱ्यांनी मोठ्या फौजेवर दबा धरला होता. खेळाचे नियम शेजारच्या कर्नलकाकांचे. गावकऱ्यांनी फौज संपवली तर ते जिंकले. नाहीतर फौज जिंकली. कोणीही खेळो, जिंकायची फौजच!

"अगं, तेव्हाही असंच झालं," काका मिशीवर बोट फिरवत म्हणाले. "आधीच मूठभर, त्यात जागाही चुकवली! अरुंद वळण सोडून बसले शेवटच्या कड्यावर. वेडे कुठले!"

"मग आमची माणसं दुप्पट करा ना!" भिंगरीचा धाकटा भाऊ म्हणाला. हा शंकासुर. त्याच्या तोंडून प्रश्न किंवा मागणी यांखेरीज काही निघत नसे.

"खोटी माणसं घालून जिंकायचं? त्यापेक्षा हरलेलं बरं," समोरच्या घरातला वकील म्हणाला. वय तेरा, पण वाद घालायला लागला की मोठी माणसं चपला घालून बाहेर पडत.

"पोरांनी नियमांत नाक खुपसू नये," काकांनी विषय मिटवला.

मामा मात्र काळजीत होता. "सोमवारी मोठे साहेब येणार. खेळात दम नाही असं त्यांना वाटलं, की टेबल तळघरात. इथे पेंढा भरलेले प्राणी मांडायचं चाललंय." त्याने टेबलावरचं एक झाड उगाचच सरळ केलं. "आणि गोष्ट किती चांगली आहे! फौज गावात शिरली तेव्हा चुली गरम होत्या म्हणे, पण गावात चिटपाखरू नव्हतं."

भिंगरीला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी ती वकिलाच्या खिडकीखाली हजर!

"आपल्या गल्लीत लपंडाव खेळताना आपण कधी चुकीच्या जागी लपतो का?"

"नाही. का?"

"मग जन्मभर त्या डोंगरात मेंढ्या चारणारे कसे चुकतील? सायकल काढ!"

खरी खिंड गावाबाहेर होती. मामा आणि काका तिथे एकदाही गेले नव्हते. जुना नकाशा हाताशी असताना ऊन कोण खाणार? शंकासुरही मागे लागला होताच. तिघांनी सायकली झुडपात लपवल्या आणि कडा चढायला सुरुवात केली. अर्ध्यावर वकिलाच्या पायाखालचे दगड घसरले! तो एका मुळाला लोंबकळला.

"भिंगरे, हात दे! वाद नको!"

"मी कुठे वाद घालतेय? तूच बोलतोयस!" तिने दात-ओठ खात त्याला वर ओढलं. शंकासुराने मागून तिचा फ्रॉक घट्ट धरला होता. त्यात फ्रॉकची शिवण उसवली ती उसवलीच.

वर पोचल्यावर वकील खाली वाकून पाहू लागला आणि हिरमुसला. "इथून ते अरुंद वळण दिसतसुद्धा नाही. काका बरोबर होते."

शंकासुर मात्र पाठ फिरवून उभा होता. "ताई, ते खाली काय आहे?"

पलीकडे जुनं गाव, गावामागे नदी, आणि नदीवर एक दगडी पूल. एक गाडी कशीबशी जाईल एवढाच अरुंद!

भिंगरी मटकन खाली बसली आणि चक्क बसूनच राहिली.

"चुली गरम, गावात चिटपाखरू नाही," ती हळूच म्हणाली. "गाव पुलावरून पळत होतं! या लोकांना फौज मारायचीच नव्हती रे. नुसती अडवायची होती. शेवटचा माणूस पार झाला की नाही, हे फक्त इथूनच दिसतं!"

"पण मामाच्या खिंडीत पूल कुठाय?" शंकासुराने विचारलं.

"टेबल संपलं ना तिथे!" वकील ओरडला आणि तिघं पोट धरून हसले. लांबी कमी पडली म्हणून अख्खी नदी कापली गेली होती!

मग गुपचूप तयारी सुरू झाली. खिंडीच्या टोकाला जोडायला आईचं इस्त्रीचं टेबल, त्यावर पुठ्ठ्याचा पूल, आणि पळणारे गावकरी म्हणून आईच्या डब्यातल्या गुंड्या. फौज पुलावर पोचायच्या आत, दर फाशामागे थोड्या थोड्या करून गुंड्या पार करायच्या. सगळा डबा ओतला तर फौज हटकून जिंके; चिमूटभर घेतल्या तर गावकरी. कमी-जास्त करत, भांडत, रुसत, शेवटी असं जमलं की कोण जिंकेल ते कोणालाच सांगता येईना.

सोमवारी साहेब आले. काका फौजेकडून, भिंगरी गावकऱ्यांकडून. काकांनी सवयीने एकेका गावकऱ्याला डोंगरात हुडकून काढलं. टेबलाच्या टोकाला चादरीखाली शंकासुर काहीतरी खुडबुडत होता.

"संपले सगळे! जिंकलो!" काकांनी टाळी वाजवली.

"जिंकलात? पण कोणाला धरलंत, काका?" भिंगरीने चादर ओढली. सगळ्या गुंड्या पुलापार!

तिने कड्यावरची हकीकत सांगितली. काका लालबुंद झाले. "ही फसवणूक आहे! पुलाचं मला ठाऊकच नव्हतं!"

"त्या फौजेच्या सरदारालाही नव्हतं," वकील शांतपणे म्हणाला.

काकांनी बाह्या सरसावल्या. "आता ठाऊक आहे. मांडा पुन्हा!"

या वेळी ते कोणाच्या मागे लागले नाहीत; फौज तडक पुलाकडे सुटली. भिंगरीने दगड लोटले, वाट अडवली. मामा नखं खात होता, साहेबांचा चहा गार झाला. शेवटचा फासा पडला आणि फौज पुलावर पोचली. अलीकडे एकच निळी गुंडी उरली होती.

"हा माझा कैदी!" काकांनी ती खिशात टाकली. "पण गाव तुझं सुटलं, पोरी. जिंकलीस."

"प्राणी तळघरात!" साहेब म्हणाले. "आणि माझा डाव कधी?"

मामा निवृत्त होईपर्यंत ते टेबल दालनात राहिलं. आजही आहे, इस्त्रीच्या टेबलासकट. आईने दुसरं घेतलं, पण टोमणे शेवटपर्यंत मारले. वकील पुढे बालवाडीत शिकवू लागला. तिथे मात्र तो रोज वादात हरे. शंकासुर डॉक्टर झाला, अजून रोग्यांना प्रश्न विचारून हैराण करतो. भिंगरी देशोदेशी फिरली.

कर्नलकाका गेले तेव्हा काकूंनी तिच्या हातावर निळी गुंडी ठेवली. "म्हणायचे, कैदी सोडायचा राहिला."

भिंगरी तशीच संग्रहालयात गेली. पुठ्ठ्याच्या पुलावरून बोटाने गुंडी हळूच पलीकडे सरकवली, आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली.