हळू यीस्टची पाळी

जिन्याच्या वळणावर त्याने मला फेसाने आंघोळ घातली... आमची ओळख झाली ती अशी! काचेचा भलामोठा जार छातीशी धरून तो वर येत होता, मी नेहमीच्या घाईत खाली. धक्का लागला, बूच उडालं आणि औषधाच्या दुकानातला माझा पांढराशुभ्र कोट घरच्या बीअरने भिजला.

"अहो, हे काय?"

"ते... यीस्ट," तो म्हणाला. "जिवंत आहे."

आणि कानापर्यंत लाल झाला.

तो वरच्या मजल्यावर राहायचा, घड्याळं दुरुस्त करायचा. कोट धुऊन, इस्त्री करून द्यायला आला तेव्हा वहिनीने त्याला चहाला बसवलं. तासाभरात तो फार तर दहा शब्द बोलला. बाकीचं सगळं मी बोलले.

तीन महिन्यांत 'अहो'चं 'अरे' झालं. दर रविवारी त्याच्या ओट्याशी बीअरसाठी माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या जवाचा, काढा ढवळायला मी हजर! पण आमचं नक्की काय चाललंय, ते मला कळेना. त्याला मी हवी होते की नुसती ढवळणारी? टक लावून बघायचा... मी बघितलं की लगेच नजर जारकडे!

अशात मला बढती मिळाली, पण दुसऱ्या शहरात. शुक्रवारपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. मी त्याला सांगितलं.

"अरे वा," तो म्हणाला. बस्स, एवढंच. आणि त्या रविवारी त्याच्या दाराला कुलूप!

"मग काय ठरवलंस?" वहिनीने विचारलं.

"मला काय माहीत!" मी तिच्यावरच खेकसले. डोक्याचा पार भुगा झाला होता.

गुरुवारी संध्याकाळी त्याने बोलावलं. ओट्यावर गार केलेला काढा, शेजारी यीस्टची दोन पाकिटं. मी दोन्ही एकदम उचलली.

"थांब! एकदम नको."

"दोन्ही एकाच जारमध्ये घालायचीत ना?"

"हो, पण... हे जोरकस आहे. सगळी साखर एकटंच फस्त करतं. आणि हे हळू. सुगंध मात्र याचाच. म्हणून याला दोन दिवस आधी सोडायचं. नाहीतर याची पाळीच येत नाही."

मी पाकिटं खाली ठेवली. तीन महिने याचं प्रत्येक वाक्य मीच तर पुरं करत आले होते! मी स्टुलावर बसले, ओठ घट्ट मिटले. एक मिनिट गेलं... दोन गेली. जीव नुसता टांगणीला लागला.

"रविवारी मी..."

कुठे? कोणाबरोबर? नाही विचारलं.

"तिकडे गेलो होतो. तुझ्या नव्या शहरात. एका घड्याळाच्या दुकानात कारागीर हवाय. ते ये म्हणालेत... पण तुला चालणार असेल तरच."

माझे डोळे भरून आले होते.

"तू आवडतेस मला," तो पाकिटाशी चाळा करत म्हणाला. "कधीपासून सांगायचं होतं. पण... तू बोलत होतीस."

मी तोंड उघडलं, तर एक शब्द सुचेना! हसत, रडत नुसती मान हलवली.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... हो की नाही?"

"हो," मी म्हटलं. आणि पुढे काहीच बोलले नाही.