चंद्रामागून आलेला ठेका

या बाळांनो, जरा पुढं सरकून बसा. आज एका आईची गोष्ट ऐका. तिची हाक अख्खा चंद्र भेदून आली, आणि लेकीनंच ती अर्धीअधिक पुसून टाकली.

यज्ञाची आई चंद्राच्या पाठीमागच्या तळावर होती. निरोप पोचवणारा उपग्रह बंद पडला होता. आता एकच दूत उरला: न्यूट्रिनो (कशालाही न अडखळता आरपार जाणारा अतिसूक्ष्म कण). जाताना आईनं सांगून ठेवलं होतं, "काही अडलंच तर न्यूट्रिनोच्या तीन जातींपैकी म्यूऑन जातीचे पाठवीन, आपल्या भजनाच्या ठेक्यात."

यज्ञाचे आजोबा, आईचे वडील, शास्त्रज्ञ, आणि देवळात कीर्तनही करत. डोंगराच्या पोटातल्या त्यांच्या पाण्याच्या टाकीत एखादा न्यूट्रिनो धडकला की पडद्यावर प्रकाशाचं कडं उमटे. म्यूऑन जातीचं कडं रेखीव. यज्ञा तेवढीच ठेवी, विसकटलेली पुसून टाकी.

"आजोबा, मधले ठोके गळतायत. आई आजारी असेल का हो?"

"पुसलेली कडी आण बघू परत. यंत्रात असतात ती."

"ती आईची नाहीत. कशी फिसकटलीत बघा."

"कीर्तनकाराची नात म्हणवतेस ना? तानपुरा घे."

आजोबांनी सारख्या दोन तारांपैकी एक किंचित उतरवली आणि दोन्ही एकदम छेडल्या. आवाज फुगे, ओसरे, पुन्हा फुगे.

"दोघी कधी जुळतात, कधी एकमेकींना खातात," आजोबा म्हणाले. "न्यूट्रिनोच्या पोटी अशा तीन लहरी असतात. वजनात जराजरा वेगळ्या. निघतात एकत्र, वाटेत पुढंमागं होतात, आणि त्यांची मिळवणी बदलते. मग म्यूऑन म्हणून निघालेला इलेक्ट्रॉन नाहीतर टाऊ जातीचा होऊन पोचतो, आणि त्याचं कडं विसकटलेलं उमटतं. याला दोलन (आलटून पालटून रूप बदलणं) म्हणतात."

यज्ञा पडद्याकडे वळली. "म्हणजे मी आईलाच पुसत होते."

तिनं सगळी कडी परत जागच्या जागी बसवली. ठेका भरला. आजोबांनी मांडीवर ताल धरला आणि ते हसले. "लय वाढवतेय कार्टी. लहानपणापासूनची खोड. ठणठणीत आहे तुझी आई."

"येणार कधी?"

"वर्ष जाईल, बाळ. पण तिनं धाडलेल्यांपैकी टाकीत अडकतो तो एखादाच. बाकीचे आत्ता तुझ्यातून चाललेत."

"मला तर काहीच कळत नाही."

"कुणालाच कळत नाही. तरी चाललेत."

यज्ञानं डोळे मिटले आणि हळूच टाळी धरली.

बाळांनो, उद्या तुमच्यातलंच कुणी याहून तल्लख यंत्र बांधेल. तोवर एवढं करा. संध्याकाळी चंद्र वर आला की त्याच्या पाठीमागं ठेका धरून बसलेल्या त्या माउलीची आठवण काढा.