सात मासे आणि गुलाबबाई

आपल्या घरात गुप्तहेर यावी याचीच उमाकांत देवांना लाज वाटत होती. बँकेतला जबाबदार अधिकारी, बदलीवर जयपूरला आलेला, आणि खातीपुऱ्यातल्या त्याच्या घरी सात माशांच्या मरणाची चौकशी!

"मासे गेले ते गेले," त्यांच्या पत्नी रमाबाई म्हणाल्या, "पण यांनी आमच्या कामवाल्या गुलाबबाईवर विष घातल्याचा आळ घेतला. तोही खाली गेटपाशी, चारचौघांत. सोसायटीतली तिची सगळी कामं सुटली. खरं काय ते कळायलाच हवं."

गुप्तहेर मीनाक्षी परचुरे माशांच्या काचेच्या टाकीपुढे वाकली. तिचा सहकारी कौशिक वही उघडून बसला.

"मासे एकदम मेले?"

"नाही, एकेक करून. मंगळवारी पहिला," उमाकांत म्हणाले. "त्याआधी दोन दिवस वर येऊन धापा टाकत होते. मला वाटलं भूक लागली, म्हणून खाणं वाढवलं. आणि सोमवारी हिनं फिनाइलनं फरशी पुसली. आणखी पुरावा काय हवा?"

दारात उभी असलेली गुलाबबाई खालमानेनं म्हणाली, "मैं तो टंकी को हाथ भी नहीं लगाती. शनिवार को साब खुद नल पे कुछ धो रहे थे. मैं बोली मैं कर दूँ, तो बोले, हट."

नुकताच दौऱ्यावरून परतलेला मुलगा तन्मय हताश दिसत होता. "महिनाभर माशांशिवाय टाकी चालवली. रोज अमोनियाचे थेंब घालून त्यावर जगणारे जिवाणू वाढवले, मगच मासे सोडले, त्यालाही महिना झाला. जाताना बाबांना सांगितलं होतं, पाणी बदलू नका. त्यांनी बदललंही नाही."

त्यानं पाणी तपासलं. नळीतला रंग गडद हिरवा झाला.

"अमोनिया!" तो दचकला.

मीनाक्षीनं फिल्टर उघडून आतला स्पंज काढला. शुभ्र पांढरा.

"वा, किती स्वच्छ!" कौशिक म्हणाला.

"तेच तर. दोन महिने चाललेला स्पंज तपकिरी, बुळबुळीत हवा. ती घाण नव्हे, जिवाणूंची वस्ती. माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया तेच संपवतात. देवसाहेब, शनिवारी तुम्ही हा नळाखाली चोळून धुतलात ना?"

"डाग दिसला, म्हणून..." उमाकांतांचा आवाज खोल गेला.

"नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि तुमचं चोळणं, वस्ती संपली. अमोनिया साचत गेला, तुम्ही वाढवलेल्या खाण्यानं आणखीच. फिनाइल लागलं सोमवारी. मासे धापा टाकत होते रविवारपासून. विष गुलाबबाईनं घातलं नाही. कुणीच घातलं नाही."

उमाकांतांना गेटपाशी आपण वापरलेला एकेक शब्द आठवला. कान तापले.

"गुलाबबाई, माफ़ करना," ते पुटपुटले.

"यहाँ किसने सुना, साब?" ती शांतपणे म्हणाली. "मेरे तो घर छूटे हैं."

उमाकांतांनी चपला घातल्या. पहिल्या मजल्यावरच्या घराची बेल त्यांनी स्वतः वाजवली. गुलाबबाई दोन पायऱ्या मागे थांबली. दार उघडलं, आतून चार चेहरे डोकावले.

"मैंने गुलाबबाई पे झूठा इल्ज़ाम लगाया था," ते म्हणाले. "गलती मेरी थी."

मग मान न उचलता ते शेजारच्या दाराकडे वळले.