तांबड्या मातीचे डोहाळे

चाकणच्या कंपन्यांच्या पाठीमागे शेखरचं घर. शेतात गोदाम उभं राहिलं, विहीर आटली, म्हणून अंगणाशेजारी बोअर मारायला घेतली. नारळ फुटला, गाडी धडधडायला लागली आणि दुपारपर्यंत काळ्या दगडाची भुकटी घरभर झाली. मग एकाएकी रंग फिरला. लालभडक चिखल वर आला. हाताला कोमट लागत होता, आणि वास मात्र नुकत्याच विझवलेल्या काडीचा.

"गेरूच हाय की रं!" म्हणत शेखरच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, दोन घमेली भरून घेतली आणि तुळशीकट्टा सारवून काढला. पाणी काही लागलं नाही. शेखर कंपनीत मालाची तपासणी करायचा. मोजता येत नाही ते नाहीच, असा गड्याचा खाक्या. "खोलातला दगड गरम असतोच," म्हणाला आणि बोअरवर झाकण ठोकून मोकळा झाला.

त्याच्या बायकोला, पूनमला, तेव्हा सहावा महिना होता. याआधी दोन मुलं पोटातच गेलेली. सगळं घर तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होतं. अशात एका दुपारी ती कट्ट्याची माती खरवडून खाताना शेखरला दिसली. ओठ लाल झालेले.

"अगं, वेड लागलंय का?"

"थोडीच खाल्ली हो."

"खाऊ दे की," आई मधे पडली. "पोटुशी बाई माती मागतीच. तू पोटात व्हतास तवा मी चुलीची खाल्ली. डोहाळे मारू न्हाईत."

डॉक्टरीणबाई रागावल्या, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. पूनम गोळ्याही घ्यायची आणि मातीही खायची.

पुढे ती अंगणात जाताना पदर डोक्यावर ओढायला लागली. भर उन्हात दोरीवरचे कपडे गोळा करायची. "पाऊस आंबट आहे, भोकं पडतील." वर आभाळ निरभ्र. पण शेखरने आपला शर्ट उजेडात धरला, तर चाळण झालेली. कंपन्यांचा धूर असेल, त्याने मनाची समजूत घातली. तुळशीपाशी चिमण्या यायच्या थांबल्या, त्याला मात्र काही कारण सापडेना.

डोहाळजेवणाला दापोडीहून पूनमची मैत्रीण श्रद्धा आली. ती कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. कट्ट्याची माती बोटांत चोळत म्हणाली, "दोन लाव्हांच्या मधली जमीन आहे ही. एक लाव्हा निवला, वर माती झाली, झाडं आली. मग दुसरा आला आणि सगळं भाजून निघालं. साडेसहा कोटी वर्षं झाली. हवेत गंधक, पाऊस तेजाबासारखा. डायनासोर संपले तो हाच काळ."

"सगळे नाही संपले," झोपाळ्यावरून पूनम शांतपणे म्हणाली. "एक आई राहिलीये. तिची सगळी अंडी भाजली. ती शोधतेय."

ओटी भरायला आलेल्या बायकांनी हातातलं ताट खाली ठेवलं. पाहुणे जाताच शेखरने कट्टा खरवडला, सगळी माती बोअरमध्ये लोटली आणि तोंड सिमेंटने बुजवलं. आईसुद्धा आड आली नाही.

पूनमला मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत रडणारी. शेखर दवाखान्यातच ढसाढसा रडला. पूनमने मातीचं नाव टाकलं. देवा, सुटलो एकदाचे, असं त्याला वाटलं.

सव्वा महिना झाल्यावर रुक्मिणीबाईंनी बाळाला तेल लावलं आणि अंगणात कोवळ्या उन्हात दुपट्यावर निजवलं. "ध्यान ठेव रं," म्हणून त्या आंघोळीचं पाणी काढायला आत गेल्या. तेवढ्यात शेखरला कंपनीतून फोन आला. बोलत बोलत तो फाटकापर्यंत गेला आणि वळला.

अंगण करडं झालं होतं.

राख. तुळशीवर, दोरीवरच्या लंगोटांवर, त्याच्या स्वतःच्या खांद्यावर.

धावत जाऊन त्याने बाळाला उचललं. बाळ हसत होतं. अंगावर एक कण नव्हता. दुपट्यावरही नव्हता.

दुपट्याभोवती फरशी स्वच्छ होती. लेकराला कुशीत घेऊन कुणी वळसा घालून निजावं, तशी कोरी जागा. तुळशीपासून न्हाणीपर्यंत लांब, टोकाला निमुळती.

"ठेवा तिला खाली," दारातून पूनम हळूच म्हणाली. "ती आई तुमच्याकडे बघतेय."

राख अजून पडत होती. त्या कोऱ्या जागेवर मात्र टेकत नव्हती.