शिंप्याचा उपदेश

परक्या मुलखात धर्म सांगायला जायचं तर आधी तिथली भाषा शिकावी, असं पाद्रीसाहेबांना मिशनमधल्या वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं. पण साहेब पडले उतावळे. भाषा येईपर्यंत थांबतंय कोण! त्यांनी बाजारातला एक शिंपी दुभाषी म्हणून धरला, मिशनच्या दवाखान्याच्या पडवीत बाकं मांडली आणि दर रविवारी उपदेश सुरू केला. आपण एक वाक्य बोलायचं, थांबायचं. शिंप्यानं ते लोकांच्या भाषेत सांगायचं.

सुरुवातीला समोर औषधाला आलेली चार माणसं. पण शिंप्याचा आवाज असा गोड, की बघता बघता बाकं भरली, माणसं भिंतीला टेकून उभी राहू लागली. आधीच्या पाद्र्यांना जन्मात जमलं नव्हतं ते साहेबांना जमलं. आणि नेमका तेव्हाच बायकोचा खोकला बळावला.

"हिला इथली दमट हवा सोसत नाही. आजच्या आज हलवा," डॉक्टर म्हणाले.

"एवढा एक रविवार होऊ दे," साहेब म्हणाले. असे रविवार होतच राहिले. बायकोवर त्यांचा जीव होता, पण भरलेली पडवी सोडवत नव्हती.

बाई मात्र विहिरीवरच्या बायकांत बसून ती भाषा शिकल्या होत्या. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तो शिंपी तुमच्या आधी बोलतो."

"अगं, पाठ झालं असेल त्याला. मी तरी दर रविवारी काय नवं सांगतोय?"

साहेब हसले खरे, पण मनात पाल चुकचुकलीच. पुढच्या रविवारी ते हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगणार होते. उभं राहिल्यावर त्यांनी मुद्दाम बेत बदलला. कोळ्यांची गोष्ट सांगू. तोंड उघडायच्या आत शेजारी शिंप्यानं दोन्ही हातांनी हवेत जाळं फेकलं.

साहेबांच्या अंगावर सर्रकन काटा आला. याला आजच काढून टाकावं, असं वाटलं. पण समोरची गर्दी बघून त्यांनी कोळ्यांचीच गोष्ट सुरू केली.

त्यानंतरच्या रविवारी बाई शाल पांघरून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. साहेबांनी ठरवलं, आज काही बोलायचंच नाही. बघू हा काय करतो.

शिंपी बोलू लागला. अगदी सावकाश, मधेमधे थांबत.

बायका रडू लागल्या. पुरुषांनी माना खाली घातल्या.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब धावत त्यांच्यापाशी गेले. "काय सांगतोय तो?"

"तो नाही हो, तुम्ही सांगताय," बाई म्हणाल्या. "वेळेवर हलवलं असतं तर वाचली असती, असं म्हणताय. मला पुरून आल्यावरचा उपदेश आहे हा."

"चल! आत्ताच्या आत्ता निघू!" साहेब ओरडले. त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला. हात गरम होता.

शिंपी डोळे पुसत खाली बसला.

लोकांनी दारापर्यंत वाट करून दिली. सगळ्यांच्या उजव्या मुठी मिटलेल्या होत्या.

बाई जवळून जाताच पहिल्या माणसानं मूठ उघडली. त्यांच्या पावलांवर ओली माती पडली.