शमशेरची दहावी दौड

हे सांगावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. चाळीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. भुतांवर बोलायचा मला अधिकार काय? पण वीज गेलीय, आणि तुम्ही पोरं ऐकत नाही. तर हे सुधाकररावांच्या बाबतीत घडलं. आसिफाबादला ते गुरांचे डॉक्टर होते, माझे शेजारी. तारीख चौदा मे एकोणीसशे एक्याऐंशी, गुरुवार.

दुपारी वांकिडीचा महिपत दवाखान्यात आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुतण्याचं लग्न होतं, आणि वरातीचा घोडा पुढचा डावा पाय टेकवत नव्हता.

"सुई मारून द्या, सायेब. उद्याच्या दिवस उभा राह्यला पायजे."

"त्याला आराम दे. वरात पायी काढ."

"मंग नवरदेव काय माह्या खांद्यावर बसवू?" महिपत हसला. "काऊन घाबरून राह्यले? तुमीच तर सांगतलं होतं, एका सुईवर हा शर्यत जितला म्हनून."

ते खरं होतं. शमशेर अस्सल रेसचा घोडा. हैदराबादला नऊ शर्यती धावला, सहा जिंकला. शेवटच्या वळणापर्यंत मागे राहायचा, मग एकेकाला गाठत यायचा. नवव्या शर्यतीआधी त्याच्या पुढच्या डाव्या पायाची नस सुजली. तबेल्याचे डॉक्टर तेव्हा सुधाकररावच. मालकाने आग्रह धरला आणि त्यांनी पाय बधिर करणारी सुई दिली. दुखलं असतं तर जनावर थांबलं असतं. तो थांबला नाही. जिंकला, आणि शर्यतीचा शेवटचा खांब ओलांडून कोसळला. नस तुटली होती. सुधाकररावांनी ती नोकरी सोडली. शमशेर विकला जात जात महिपतकडे आला.

"संध्याकाळी येतो," एवढंच ते महिपतला म्हणाले. नाही म्हणणं जमलं नाही. मला तरी जमलं असतं का, कोण जाणे.

साडेसातला ते स्कूटरवर निघाले. पिशवीत सुई, औषधाची बाटली.

वांकिडी पाचेक किलोमीटर राहिली असेल. मागून टापा ऐकू आल्या. चांदणं होतं, त्यांनी वळून पाहिलं. रस्ता मोकळा.

त्यांनी वेग वाढवला. टापांनीही वाढवला.

मग त्या शेजारी आल्या.

तीन टापा... आणि एक रिकामी जागा.

तीन... आणि रिकामी.

मानेवर ऊन श्वास.

त्यांनी स्कूटर थांबवली. बाटली काढली, दगडावर फोडली.

"नाही देणार," ते ओरडले. "शमशेर, नाही देणार मी..."

...

टापा पुढे निघून गेल्या. वांकिडीकडे.

महिपत अंगणात डोकं धरून बसला होता.

"उशीर केला, सायेब. मी परतलो तवाच मरून पडलेला. चार वाजले असतीन."

सुधाकरराव कंदील घेऊन गोठ्यात गेले. शमशेर आडवा. पाय ताठलेले. महिपतची आई बयनाबाई त्याच्या मानेशी बसून पोत्याने काहीतरी पुसत होती.

"आता थोड्या वेळापासून सुरू झालं, डॉक्टरसायेब," ती हळूच म्हणाली. "दोन पोते भिजले. पुसते, का पुन्हा येते."

मानेवर पांढरा फेस होता. त्यांनी हात ठेवला.

कातडं थंडगार होतं.

घाम ऊन होता.